सांगलीत तीन लाखांत पहिली गाडी आणि तिचा विमा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 22, लायसन्स मिळून सहा महिने, नोकरी कुपवाड एमआयडीसीत, घर शामरावनगरात, हातात तीन लाख. समोर दोन गाड्या: विट्याची 2014 ची वॅगनआर आणि सांगलीतलीच 2013 ची पेट्रोल स्विफ्ट, 'एकदम टकाटक, सीट कव्हर नवीन'. शिवाय कुठंतरी ऐकलंस की तरुण पोरांना विमा दुप्पट-तिप्पट पडतो, म्हणून गाडी बाबांच्या नावावर घ्यावी का, असं विचारतोयस. मी वयानं बराच मोठा आहे, स्वतःसाठी आणि पाहुण्यारावळ्यांसाठी मिळून आठ-नऊ जुन्या गाड्या घेतल्यात, म्हणून अरे-तुरे करतोय. राग मानू नकोस.

आधी ती भीती काढून टाक. वयावरून विमा महाग होणं ही इंग्लंड-अमेरिकेकडची गोष्ट. आपल्याकडं थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणाऱ्या विम्याचा, हप्ता सरकार ठरवून देतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरानं 1000 सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला वर्षाला 2094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3416, वर 18 टक्के जीएसटी. चालवणारा 22 चा असो की 62 चा, आकडा तोच. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन 998 सीसी, स्विफ्टचं 1197. म्हणजे नुसत्या थर्ड पार्टीतच दरवर्षी दीड हजाराचा फरक. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो तो आयडीव्ही (विमा कंपनी धरते ती गाडीची सध्याची किंमत), गाडीचं वय आणि पासिंग कुठलं यावर हलतो. पुणे-मुंबई 'अ' झोनमध्ये, आपण 'ब' मध्ये; तिथंही आपलंच बरं.

आता नाव कुणाचं. बाबांच्या नावावर घेण्यात एकच फायदा असू शकतो: त्यांनी आधीची गाडी विकली असेल आणि तिच्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) साठला असेल, तर तो तीन वर्षांच्या आत त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या गाडीला लावता येतो. पण ही सूट फक्त नुकसानीच्या भागावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. इतक्या जुन्या गाडीला तो भाग मुळातच लहान, त्यातली सूट ती किती असणार? उलट पॉलिसीबरोबर मालकाचा 15 लाखांचा जो अपघात विमा घ्यावा लागतो, तो ज्याच्या नावावर गाडी त्याचाच. गाडी बाबांची आणि चालवणार रोज तू, तर कुपवाडच्या रस्त्यावर काही झालं तर ते 15 लाख तुझ्यासाठी नाहीत. हे एजंट सांगत नाहीत. गाडी तुझ्याच नावावर घे, बोनस पहिल्या वर्षापासून तुझा साठू दे. क्लेम नाही केलास तर पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. रंगाच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नकोस, तेवढा खर्च खिशातून कर.

आणि विम्याचे नि वरखर्चाचे पैसे आत्ताच बाजूला काढ. तीन लाखांची गाडी घेऊ नकोस, अडीचची घे. उरलेल्यात विमा, नावावर करायचा खर्च, 2019 आधीची गाडी असल्यानं लागणारी नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (आधीच्या मालकानं बसवली नसेल तर), बॅटरी, आणि बहुतेक वेळा टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि टायर तिसऱ्यांदा बदललेत, असं दिसलं की समजून जायचं.

खरी गोष्ट पुढं आहे. सांगलीत जुनी गाडी बघताना मी आधी ती पुरात बुडाली होती का ते बघतो; रनिंग, पिकअप, पत्रा हे सगळं नंतर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 च्या वर गेलं, जुलै 2021 मध्ये परत शहरात आलं. गावभाग, दत्तनगर, सांगलीवाडी, तुमचं शामरावनगर, किती गाड्या टपापर्यंत बुडाल्या ते तू लहानपणी बघितलं असशीलच. त्या गाड्या कुठं गेल्या असं वाटतं? धुतल्या, पॉलिश झाल्या आणि विकल्या. काही इथंच, काही परजिल्ह्यात. माझ्या भाच्यानं 2020 मध्ये अशीच एक घेतली, एका एजंटकडून, मी गावाला गेलो असताना. पहिले चार महिने गाडी लोण्यासारखी. मग पावसाळा आला तसं कधी पॉवर विंडो बंद, कधी हेडलाइट आपोआप चालू. वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज. इलेक्ट्रिशियनकडच्या फेऱ्यांत गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा गेला.

म्हणून बघायला जाशील तेव्हा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढ. वरचा भाग धुतलेला असतो, रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्याला कुणी हात लावत नाही. तिथं गाळाची पिवळट रेघ मिळते. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्याचे कोपरे बोटानं चाचप. सीट पुढं-मागं सरकवून रुळाचे बोल्ट बघ, मॅट उचलून वास घे. आणि गाडीत अत्तराचा घमघमाट, एवढ्या जुन्या गाडीला कोरी करकरीत सीट कव्हर, म्हणजे कशावर तरी झाकण घातलंय, असा माझा सरळ हिशेब. सगळ्याच एमएच-10 (सांगली जिल्हा पासिंग) गाड्यांवर संशय नको मात्र. जत, आटपाडी, विटा हेही एमएच-10 च; तिकडच्या गाडीत धूळ सापडेल, गाळ सापडणार नाही. उलट कोल्हापूरकडची एमएच-09 स्वस्त मिळाली म्हणून नाचू नकोस, शिरोळकडंही तेवढंच पाणी होतं. सीमेपलीकडची, कर्नाटकातली केए-23 मिळाली तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून किंमत मांड, स्वस्ताई तिथंच संपते.

पुराचाच धागा विम्याला लागतो. तू शामरावनगरात गाडी लावणार, तर नुसत्या थर्ड पार्टीवर राहू नकोस. तो दुसऱ्याचं नुकसान भरतो, तुझी गाडी बुडाली तर एक रुपया नाही. फुल इन्शुरन्स घे. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) बहुतेक मिळणारच नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. इंजिन प्रोटेक्ट देत असतील तर जरूर विचार. पाण्यात उभ्या गाडीला चावी मारली की इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या फुल इन्शुरन्सवाले हे इंजिनचं नुकसान तुमच्या हातानं झालं म्हणून नाकारतात. पातळी 40 च्या वर निघाली की गाडी मिरजेकडच्या कुणा पाहुण्याच्या दारात. हा सगळ्यात स्वस्त विमा.

कागदांचं थोडक्यात. बँकेचा बोजा उतरलाय का, चलन थकलंय का, हे सरकारच्या एम-परिवहन ॲपवर दिसतं. गाडी नावावर करायच्या 29-30 च्या फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन 'नावावर नंतर करू' म्हणणाऱ्याला विसारही देऊ नकोस. नावावर झाल्यापासून 14 दिवसांत विमाही तुझ्या नावावर व्हायला अर्ज दे. माझ्या त्याच भाच्याचं आरसी बुक त्याच्या नावावर, पॉलिसी जुन्या मालकाच्या. मागून टेम्पोनं ठोकल्यावर नुकसानीचा क्लेम सरळ परत आला. आणि जुन्या मालकाचा बोनस तुला मिळत नाही, एजंट 'पन्नास टक्के सूट आहे' म्हणाला तर ती त्याची नाही आणि तुझीही नाही. तो बोनस खोटा लावून घेतलास तर क्लेमच्या वेळी अडकशील.

वॅगनआरचं पासिंग 2029 ला संपतं, नूतनीकरणाला पाच हजार शासकीय शुल्क, तेवढं घासाघीस करताना काढ. स्विफ्ट दिसायला देखणी आहे, तुझ्या वयात मलाही तीच आवडली असती.

रविवारी सकाळी थंड इंजिनवर विट्याची गाडी बघ. आधी फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. ओळखीचा मेस्त्री बरोबर ने, त्याचे पाचशे आणि नाष्टा तुझ्याकडं. स्विफ्टवाल्याला फोनवरच विचार, ऑगस्ट 2019 मध्ये गाडी कुठं उभी होती. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते इथं येऊन लिही.