लेखकांपुढचं शून्य

पोरी,

तुझी मेल सकाळी वाचली. बर्लिनमधून मराठी पोर्टल काढायचं म्हणतेस, काढच. पण सोबतचा खर्चाचा तक्ता उघडला आणि चहा तसाच निवला. सर्व्हरला पैसे, डिझायनरला पैसे, जाहिरातीला पैसे, लेखकांपुढे शून्य. आणि खाली टीप, 'हफिंग्टन पोस्टसारखं'.

ही बातम्यांची अमेरिकी साइट काढणाऱ्या आरियाना हफिंग्टन या बाईचं उदाहरण घेतलंच आहेस, तर पुरतं घे.

आरियाना 1950 साली अथेन्समध्ये जन्मली. मासिकात केंब्रिजचा फोटो पाहिला आणि तिथेच शिकायचं म्हणून बसली. इंग्रजी धड येत नव्हतं, घरात पैसे नव्हते, सगळ्यांनी वेड्यात काढलं. आईने मात्र स्वस्तातली तिकिटं काढून लेकीला नुसतं केंब्रिज दाखवून आणलं. ना मुलाखत, ना कुणाची ओळख. पावसात दोघी गावभर हिंडल्या आणि घरी परतल्या. सगळ्या कहाणीत मला ही आईच जास्त आवडते. लेक पुढे खरंच तिथे शिकली आणि 1971 मध्ये केंब्रिज युनियन या नावाजलेल्या वादसभेची अध्यक्ष झाली. उच्चार तेव्हाही ग्रीक, आजही ग्रीकच. तू पॉडकास्टमधला तुझा कोल्हापुरी हेल घासून काढायच्या मागे लागली आहेस, म्हणून सांगितलं.

तिच्या दुसऱ्या पुस्तकाला 36 प्रकाशकांनी नकार दिला. पंचवीसेक नकार झाले तेव्हा हातातले पैसे संपले होते. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरून जाताना बँक दिसली, आत शिरली आणि तारण नसताना कर्ज मागितलं. मॅनेजरने दिलंही! हे ती स्वतःच सांगते, थोडा मीठमसाला असेलही. पण मागायला न लाजणं तिच्याकडून उचल. तू एका जाहिरातदाराला फोन करायचा तर चार दिवस मनात वाक्यं जुळवतेस.

न्यूयॉर्क, लग्न, घटस्फोट, राजकारण सगळं सोडून देते. 9 मे 2005 ला भागीदारांसोबत तिने साइट सुरू केली. तिथली एक युक्ती तुझ्या कामाची आहे. एकाच बातमीला दोन मथळे द्यायचे, काही वाचकांना एक दिसेल, काहींना दुसरा, आणि पाचेक मिनिटांत ज्यावर क्लिक जास्त तो ठेवायचा. 2011 मध्ये तर 'सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) किती वाजता सुरू होणार', हा लोक गुगलला विचारतात तोच प्रश्न त्यांनी मथळा करून टाकला. नाक मुरडू नकोस. तुझं 'क्षितिजापल्याडचं काही' कोणी गुगलवर शोधणार नाही. व्हिसा वाढवायला कागद काय लागतात, ते शोधतील.

आता तुझं ते शून्य. फेब्रुवारी 2011 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साइट 31.5 कोटी डॉलरला घेतली. हजारो ब्लॉगर तोवर फुकट लिहीत होते, नाव होतंय म्हणून. विक्रीनंतर त्यांच्या वतीने 10.5 कोटी डॉलरचा दावा लागला. न्यूयॉर्कच्या कोर्टाने 2012 मध्ये तो फेटाळला, कारण पैसे मिळणार नाहीत हे लिहिणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. कायद्याने ठीकच. फुकट लिहिणाऱ्यांचं अमेरिकेतलं ते दालन मात्र 2018 मध्ये बंद केलं गेलं.

मी तरी कुठे शहाणी होते? माझ्या पहिल्या दिवाळी अंकात कवींना मानधन नव्हतंच, अंकाची प्रत आणि आभाराचं छापील पत्र. एका वयस्कर कवींनी अंक परत पाठवला, आत चिठ्ठीचपाटी काही नाही. पाकिटावर त्यांनी पदरमोड करून लावलेली तिकिटं तेवढी होती, एक जरा तिरकं चिकटलेलं. ते पाकीट अजून माझ्या खणात आहे. पुढच्या वर्षी प्रत्येकी शंभर रुपये गेले, छपाई दोन रंगांवरून एका रंगावर आणून.

आणखी एक. तुझी मेल पहाटे अडीचला आली आहे. साइट दोन वर्षांची होत आली असताना, एप्रिल 2007 मध्ये, आरियाना थकून घरीच कोसळली आणि गालाचं हाड मोडून घेतलं. 2016 मध्ये साइट सोडून तिने थकव्यावर उपाय सांगणारी थ्राइव्ह ग्लोबल ही कंपनी काढली. तेवढं तरी तिच्यासारखं करू नकोस.

तो महागडा मायक्रोफोन तक्त्यातून काढ. त्यात दहा लेखांचं मानधन बसतंय का बघ आणि रविवारी फोन कर. दुपारी नको, मी झोपलेली असते.

तुझी,
ताई