शेळीपालन करताय? आधी चारा लावा

दादा, सुरुवातीलाच ५०० शेळ्या घ्यायचा प्लॅन असेल तर तो सध्या बाजूला ठेवा. १० शेळ्या नि १ बोकड बस झाले, उस्मानाबादी जातच घ्या, आपल्या कोरड्या हवेत तग धरते आणि जुळी पण बरेचदा देते. गाभणकाळच ५ महिन्यांचा, पुढं करडं विकायला येईपर्यंत वर्ष सहज जातं, तोवर घरखर्च कशावर चालणार ते आधी बघा.

नवीन लोक कुठं फसतात तर:

- सगळा पैसा शेडात घालतात. शेळीला कोरडी जागा नि खेळती हवा पाहिजे, टाइल्स नकोत!
- चारा नंतर बघू म्हणतात. शेळ्या आणायच्या ३-४ महिने आधीच शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास लावून टाका, सगळा चारा विकत आणून काय उरणार?
- बाजारातनं आणल्या की थेट कळपात सोडतात. दोन-तीन आठवडे वेगळ्या बांधा, पीपीआर (शेळ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) नि आंत्रविषाराची (आतड्यात विष होणारा रोग) लस सरकारी दवाखान्यात विचारून टोचून घ्या, पीपीआर शिरला तर गोठा रिकामा होतो.

बकरी ईदला बोकड काढायचे असतील तर तारीख दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते हे धरून हिशोब करा. कर्ज, अनुदान वगैरे नंतर बोलू, पहिलं वेत, म्हणजे पहिली करडं, तर येऊ द्या.