अठरा-चौदावर नेमके काय होते?

“मॅडम, सरावात ही स्वतःपेक्षा मोठ्या मुलींना हरवते, पण स्पर्धेत जिंकत आलेला गेम घालवून बसते. हिचे मनच कच्चे आहे का?” खेळाडू मुलांचे पालक हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. गेल्या पावसाळ्यात ठाण्यात नौपाड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो विचारला गेला तेव्हा सोळा वर्षांची ती बॅडमिंटनपटू वडिलांशेजारी बसून रॅकेटच्या मुठीवरची पट्टी उलगडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती. (तिच्या व पालकांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रशिक्षकांनी तिला “मन कणखर कर” असे सांगितले होते. या वाक्याने कुणाचे मन कणखर झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

दोन स्पर्धांत ती अनुक्रमे १८-१४ आणि १७-१३ अशी पुढे असताना गेम हरली होती. त्या वेळी काय वाटत होते, असे विचारल्यावर तिने “टेन्शन” असे एकच उत्तर दिले. पहिला गुण गमावल्यावर, पंचांचा निर्णय विरुद्ध गेल्यावर, वडिलांसोबत गाडीतून घरी परतताना, अशा प्रत्येक प्रसंगाला तिच्याकडे तेवढा एकच शब्द होता आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच होती. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, तिच्यात स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांच्यातला फरक जाणणे आणि त्या जाणिवेचा विचारासाठी व कृतीसाठी उपयोग करणे, या गोष्टी येतात. भावना दाबून टाकणे त्या मांडणीत कुठेही नाही.

म्हणून मी तिला एक वही करायला सांगितली. प्रत्येक सामन्यानंतर गुणसंख्या, त्या क्षणी शरीरात काय झाले आणि त्या भावनेला मराठीत काय म्हणता येईल, एवढेच तिने लिहायचे होते. फक्त ‘टेन्शन’ हा शब्द वापरायचा नव्हता. पहिल्या आठवड्यात वही जवळपास कोरीच राहिली. नंतर हळूहळू धास्ती, चीड, घाई असे शब्द उतरू लागले आणि महिन्याभराने अठरा-चौदासमोर तिने ‘लाज’ असे लिहिले. एवढी आघाडी घेऊन हरलो तर लोक काय म्हणतील, याची लाज तिला हरण्याआधीच वाटू लागत असे. मग बोटे आवळली जात. बॅडमिंटनमध्ये मूठ सैल ठेवून फटक्याच्या क्षणीच घट्ट करायची असते. ती सतत आवळलेली राहिली की मनगट मोकळे वळत नाही आणि नेटजवळचा नाजूक फटका जाळ्यात अडकतो. तिचे नेमके हेच होत होते.

भावनेला नाव मिळाल्यावर उपायही वेगवेगळे ठरवता आले. धास्ती वाटली तर सर्व्हिसपूर्वी एक लांब उच्छ्वास, चीड आली तर पंचांची परवानगी घेऊन घाम पुसणे आणि लाज वाटली तर रॅकेट क्षणभर दुसऱ्या हातात घेऊन बोटे मोकळी करणे, असे आम्ही ठरवले. अकरा गुणांवर मिळणाऱ्या साठ सेकंदांच्या विश्रांतीत प्रशिक्षकांनी आधी तिला “आत्ता काय वाटते आहे?” असे विचारावे आणि मगच डावपेच सांगावेत, अशी विनंती मी केली, ती त्यांनी मनापासून पाळली. धास्ती मुळातच नाहीशी करावी, असा माझा आग्रह नव्हता. युरी हानिन या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी दाखवल्याप्रमाणे प्रत्येक खेळाडूचा उत्तम खेळ वेगवेगळ्या मनःस्थितीत होतो; काहींना शांतता मानवते, तर काहींना बऱ्यापैकी अस्वस्थता लागते. या मुलीच्या वहीत तिचे चांगले सामने पोटात गोळा आलेल्या दिवसांचेच निघाले!

एक गोष्ट मात्र वहीत वारंवार येत होती, “चूक झाली, बाबा वैतागले.” वडिलांना ते वाचून धक्काच बसला, कारण आपण प्रेक्षागृहात कधी एक शब्दही बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेही होते. तिने सांगितले की गुण गेला की ते चष्मा काढून पुसतात. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “अगं, मला बघवत नाही म्हणून मी चष्मा काढतो.” चार वर्षे जी तिला नाराजी वाटत होती, ती त्यांची स्वतःची धास्ती होती. मग मी चष्मा पुसायचाच नाही का, असे त्यांनी मला गंभीरपणे विचारले. मी खुशाल पुसा म्हटले.

पुढच्या जिल्हा स्पर्धेत ती उपांत्यपूर्व फेरीत तिसऱ्या गेममध्ये १९-२१ अशी हरली. तीन गुण मागे असताना तिने नेहमीसारखे वर पाहिले होते आणि वडील चष्मा पुसत होते. “बाबा घाबरलेत, असे मनात म्हटले आणि सर्व्हिस केली,” असे तिने मला सांगितले. त्यानंतरचे सलग तीन गुण तिचे होते.