दीडशेचा फ्लँज म्हणजे दीडशेचं प्रेशर नव्हे

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. साडेदहा किलो प्रेशरच्या बॉयलरवरून चार इंची नवी स्टीम लाइन टाकायची आहे. तिला फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टने जोडायच्या भोकांच्या चकत्या, हव्या आहेत. उद्यमनगरात चौकशी केली तर दुकानदार विचारतो, ‘टेबल ई देऊ का दीडशे क्लास? स्लिप-ऑन का वेल्ड नेक?’ मालक म्हणतात, सरळ तीनशेचे घे, जड तेवढे चांगले. काय घ्यावं?

उत्तर : टेबल आणि क्लास या फ्लँजच्या दोन वेगळ्या मापपद्धती. म्हणून दुकानात जाण्याआधी स्टीलपट्टी घेऊन लाइनच्या दोन्ही टोकांना जा. बॉयलरचा मेन व्हॉल्व्ह आणि पलीकडचा हेडर (वाफ वाटून देणारा जाड पाइप), दोन्हीकडच्या फ्लँजचा पीसीडी मोजा, म्हणजे समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. चार इंचीला १९०.५ मिमी भरलं तर दीडशे क्लास, २०० तर तीनशे, १७८ आणि आठ भोकं असतील तर टेबल ई. दीडशे आणि टेबल ई दोन्हींना पाच सुताचे, म्हणजे ५/८ इंची, आठच बोल्ट लागतात. लांबून जुळी भावंडंच! पीसीडीत फरक फक्त अर्ध्या इंचाचा, आणि घात तिथंच होतो.

माझी हयात साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली. तिथं जुन्या लाइनी टेबलच्या आणि नवे व्हॉल्व्ह दीडशेचे, हे नेहमीचंच. जोड जमेना की कुणीतरी गॅस कटर घेऊन भोकं लांबवायला बसतो. हे कृपा करून होऊ देऊ नका. नटाला बसायला जागा उरत नाही, गॅस्केट (दोन फ्लँजमधली गळती रोखणारी चकती) एका बाजूला दबतं, आणि रोज लाइन तापून थंड झाली की जोड फुंकायला लागतो. एक टोक जुनं असेल तर एका बाजूला टेबल ई, दुसऱ्या बाजूला दीडशे असा छोटा तुकडा बनवून घ्या.

आता तीनशेचं. क्लासचा आकडा म्हणजे प्रेशर नव्हे. फ्लँज किती झेपवेल ते तापमानावर ठरतं. ए १०५ या दर्जाच्या, घडवलेल्या पोलादाचा दीडशे क्लास नेहमीच्या हवेत १९.६ बार (एक बार म्हणजे जवळजवळ एक किलो) घेतो, २०० अंशाला १३.८ आणि ३०० अंशाला १०.२. तुमची साडेदहा किलोची सॅच्युरेटेड, म्हणजे पाण्यावरून सरळ निघालेली वाफ १८५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे दीडशे पुरेसा आहे. तीनशेचा घेतलात तर दीडशेच्या व्हॉल्व्हला तो बसणारच नाही. सुपरहीटेड, म्हणजे पुढे आणखी तापवलेली वाफ असती तर मात्र मी मालकांच्या बाजूने बोललो असतो.

मेन स्टीम लाइनला वेल्ड नेक, म्हणजे पाइपच्या टोकाला टोक लावून वेल्ड करायचा गळ्याचा फ्लँज घ्या आणि पाइपचं शेड्यूल (भिंतीच्या जाडीचा आकडा) दुकानदाराला सांगा, नाहीतर आतला बोअर जुळत नाही. पाइपवर सरकवून बसवायचा स्लिप-ऑन पाण्याच्या लाइनला ठीक. त्याला आतून-बाहेरून दोन वेल्ड लागतात, आणि आतला वेल्ड न करणारे फिटर मी पुष्कळ पाहिलेत.

साडेतीन किलोच्या वरची वाफ म्हणजे लाइन आयबीआर, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांखाली येते. प्लेट कापून केलेला स्वस्त फ्लँज तिथं नको. फॉर्म तीन-सी, म्हणजे त्या नियमांखालचा तपासणीचा दाखला मागा, आणि फ्लँजच्या कडेवर ठोकलेला हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) त्या कागदाशी दुकानातच ताडून बघा.

फीड पंप बिडाचा आणि सपाट तोंडाचा असेल तर त्याला उंच तोंडाचा, म्हणजे मधला भाग वर उचललेला स्टील फ्लँज आवळू नका. बीड वाकत नाही, तडकतं. सपाट तोंडाचा फ्लँज आणि पूर्ण तोंडाचं गॅस्केट वापरा.

प्रश्न : इचलकरंजीत आमच्या प्रोसेस हाउसमध्ये थर्मिक फ्लुइडची, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाची लाइन २५० अंशाला चालते. प्रेशर जेमतेम आहे. दीडशेचे फ्लँज चालतील?

उत्तर : आकड्यांत बसतील, पण मी तीनशेचे वेल्ड नेकच सांगेन. गरम तेल फार झिरपतं आणि जाड फ्लँज गॅस्केट घट्ट धरून ठेवतो. ग्राफाइट भरलेलं स्पायरल वाउंड (पत्र्याची पट्टी गुंडाळून केलेलं) गॅस्केट आणि बी ७ दर्जाचे स्टड (दोन्हीकडे नट लागणारे बोल्ट) वापरा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, एकदम नव्हे, तीन फेऱ्यांत. शक्य तिथं फ्लँज टाळून सरळ वेल्ड करा. आणि जोडावर लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टण) चढवू नका. गळलेलं तेल लॅगिंगमध्ये मुरलं की आतल्या आत पेटतं, कळेपर्यंत उशीर होतो.