दुधाच्या पावतीवर ‘लंगडा’: नावापुढची ही खूण कशी काढायची?

प्रश्न: मी भूम तालुक्यातला शेतकरी. लहानपणी पोलिओ झाल्याने डावा पाय अधू आहे. गावात माझ्याच नाव-आडनावाचा दुसरा एक जण आहे, म्हणून दूध संकलन केंद्राच्या पावतीवर माझ्या नावापुढे कंसात ‘लंगडा’ छापून येतं. आता ग्रामपंचायतीने पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी फलकावर लावली, त्यातही तेच. तिसरीतल्या मुलीला पोरं ‘लंगड्याची’ म्हणतात. गावकरी म्हणतात, वीस वर्षं चाललं, आताच काय झालं? केस होते का?

उत्तर: होते. पण आज थेट पोलीस ठाणं गाठलंत तर ती टिकवणं अवघड जाईल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ९२(अ) सांगतं की, चारचौघांच्या नजरेसमोर दिव्यांग व्यक्तीचा पाणउतारा करण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड. त्यासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्रच हवं असं नाही. ती अट आरक्षण आणि योजनांसाठी आहे. अडचण ‘जाणूनबुजून’ या शब्दाची. केंद्रावरचा माणूस म्हणेल, दोन सारखी नावं ओळखायला लिहिलं, मनात काही नव्हतं. वर म्हणेल, यांनीच ती पावती घेऊन वर्षानुवर्षं पैसे उचलले. वीस वर्षं ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं असं होत नाही, पण हा बचाव आधी मोडावा लागेल.

तो एका कागदाने मोडतो. केंद्राच्या सचिवांना एक आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व सरपंचांना दुसरं, अशी वेगवेगळी पत्रं द्या. मजकूर थोडाच: ‘माझ्या नावापुढील हा शब्द मला मान्य नाही, त्याला मी कधीही संमती दिलेली नाही. ओळखीसाठी वडिलांचं नाव व सभासद क्रमांक वापरावा. १५ दिवसांत दुरुस्ती करून लेखी कळवावे.’ राग कागदावर उतरवू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पोच जपा. पत्र पोचल्यानंतरही तोच शब्द छापला, तर ‘सवयीने लिहिलं’ म्हणायला जागा उरत नाही.

पुरावा आजच गोळा करा. लिटर, फॅट, दर छापलेली ती छोटी पावती थर्मल कागदाची असते. काही महिन्यांत अक्षरं उडून कोरी होते. तारखेसह फोटो काढा, झेरॉक्स करून ठेवा. पावती तुमच्या एकट्याच्या हातात पडते, म्हणून ती कमजोर, फलक भक्कम. फलकाचा फोटो काढताना ग्रामपंचायतीचं नाव आणि यादीची तारीख चौकटीत येऊ द्या, मूळ फोन विकू नका. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून यादीची आणि नमुना ८ च्या (घराच्या कर आकारणीच्या नोंदीच्या) उताऱ्याची साक्षांकित प्रत मागा; ३० दिवसांत मिळायला हवी. नमुना ८ मध्ये ते टोपणनाव शिरलं असेल तर घरकुलाच्या अर्जात आधारशी नाव जुळणार नाही.

ग्रामपंचायत ढिम्म राहिली तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे टपालाने तक्रार करा. चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं. सरकारी फलकासाठी मी हाच रस्ता आधी धरायला सांगेन.

कोणी तोंडावर, लोकांत, मुद्दाम हिणवलं तर मात्र पोलीस ठाणंच. तिथे बहुतेकांची चूक एकच होते: ‘अपमान केला’ एवढंच लिहून येतात. नेमका शब्द, जागा, वेळ आणि तिथे उभ्या असलेल्या दोघांची नावं लिहा. फोनवर एकट्याला बोललेलं या कलमात बसवणं कठीण. नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, तरीही नाही तर न्यायदंडाधिकारी.

मुलीला हे कलम लागत नाही, आणि आठ वर्षांच्या पोरांवर केसही नको. मुख्याध्यापकांना भेटून लेखी सांगा. पोरं हा शब्द घरात आणि फलकावर शिकली आहेत.

‘आताच काय झालं’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा प्रकरणात, ८ जुलै २०२४ रोजी, चित्रपटातल्या चित्रणाबद्दल बोलताना स्पष्ट केलं की अशा शब्दांनी समाजाच्या नजरेत दिव्यांग माणसाची किंमत उतरते. तुमच्या पत्रात हा उल्लेख जरूर घाला. दुरुस्ती झाली की पहिली नवी पावती त्याच फायलीला लावून ठेवा.