पंप बदलला, पण फ्लश केलं होतं का?

तुम्ही लिहिलंय: पॉवर स्टिअरिंगचा नवा पंप दुकानातून स्वतः आणला, मेकॅनिककडून बसवला, चार महिन्यांत तो घरघरायला आणि गळायला लागला. आता दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं, मेकॅनिक म्हणतो पंपच खराब. असे प्रश्न सतत येतात, फक्त पार्ट बदलतो.

तुम्ही पाठवलेल्या वॉरंटी कार्डातली एकच अट बघा: पंप बसवण्याआधी सिस्टीम फ्लश करून, म्हणजे जुनं तेल काढून आतून धुऊन, नवं फ्लुइड (स्टिअरिंगचं तेल) भरलं नसेल तर वॉरंटी नाही. सगळं इथेच ठरणार. अट उगाच घातलेली नाही, जुना पंप झिजतो तेव्हा धातूचा चुरा होजमध्ये (तेलाच्या नळ्यांत) आणि रॅकमध्ये (चाकं वळवणाऱ्या भागात) बसून राहतो आणि फ्लश न करता नवा पंप लावला की तोच चुरा त्याच्यात जाऊन सील आणि आतल्या पात्या खातो. म्हणजे फ्लश केलं असेल तर दुकानदाराला ही सबब उरत नाही, नसेल केलं तर बहुतेक मेकॅनिकच्या अंगावर येईल. आणि हे दाखवणारं मजुरीचं बिल तुम्ही घेतलंच नाही! रोख पैसे दिले आणि गाडी घेऊन आलात. अहो, दोन ओळींचा कागद मागायला काय हरकत होती?

आता आजच मेकॅनिकला व्हॉट्सॲपवर साधं विचारा, फ्लश केलं होतं का, फ्लुइड कोणतं टाकलं. चॅट डिलीट करू नका. तो 'खोलून बघतो' म्हणतोय ना, अजिबात खोलू देऊ नका. ग्राहक आयोग ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 खाली वस्तू लॅबला पाठवू शकतो, पण आधीच कुणीतरी खोललेल्या पंपावरून काय सिद्ध करणार? रिझर्व्हॉयरमधलं (तेलाच्या टाकीतलं) फ्लुइडही स्वच्छ बाटलीत काढून ठेवा, त्यात चमकणारे कण दिसले तर फोटो घ्या. आणि तशी गाडी चालवू नका, स्टिअरिंग मध्येच जड झालं तर जिवावर बेतेल.

रॅकचा खर्च मिळेल का, भरपाई किती, हे तुम्ही विचारलंत, पण तपासणीशिवाय मी सांगू शकत नाही. तक्रारीत मात्र दुकानदार आणि मेकॅनिक दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर जो हजर नसेल त्याच्यावर दुसरा ढकलेल. तक्रार करायची मुदत त्याच कायद्याच्या कलम 69 प्रमाणे 2 वर्षं, आणि फोनवरच्या 'बघतो, देतो' ने ती वाढते असं धरून चालू नका. तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखाच पडत राहतात आणि लोक थकून तडजोड करतात, याची मला चीड येते. म्हणून आधी दोघांनाही याच आठवड्यात स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या आणि पावत्या जपून ठेवा.