पहिल्या वेळी बीपी वाढलं होतं, आता दुसऱ्यांदा पण वाढणार का?

मिरजेला दवाखान्यासाठी आख्खा सांगली जिल्हा येतो, अथणी-चिकोडीकडचे लोक पण येतात, त्यामुळं गरोदर बायकांशी बोलायचं माझं काम कधी संपत नाही. आणि त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतोच, की पहिल्या वेळी बीपी वाढून लवकर सिझर करावं लागलं, आता परत तसंच होणार का? त्याच्या आत अजून एक प्रश्न लपलेला असतो, तो लगेच कोणी काढत नाही. माझंच काय चुकलं होतं का?

तासगावकडची एक होती, नावगाव बदलून सांगते, अश्विनी म्हणूया. घरची द्राक्षबाग. दुसऱ्यांदा दिवस गेलेले, सातवा आठवडा चालू, सोबत नवरा आणि सासूबाई. पहिल्या वेळी 31 व्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, तपासलं तर बीपी 170/110, लघवीत प्रोटीन, रात्रीच सिझर. मुलगी सव्वा किलोची, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता अंगणवाडीत जाते आणि घर डोक्यावर घेते, पण अश्विनीच्या डोक्यातनं ती रात्र काय गेलेली नव्हती.

तिघांचं तीन दिशेला. नवऱ्याच्या मोबाईलवर फॉरवर्ड आलेला, 'अॅस्पिरिन घ्या, धोका 62 टक्के कमी', तो म्हणतो आजच चालू करतो, मेडिकलमध्ये मिळते. जाऊबाईंनी सांगितलेलं की रक्त पातळ करायची गोळी आहे, गर्भ पडतो. आणि सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, तिचं मीठ बंद केलंय बघा, सगळं अळणी देतोय, आणि खाटंवरनं उठू देत न्हाय." अश्विनी गप्प, फाईलचा कोपरा नखानं सोलत बसलेली.

मी त्या दोघांना चहाला पाठवलं. मग ती बोलली. "ताई, त्या रात्री कमरेत दोन्हीकडं इंजेक्शनं दिली, अंगातनं नुसती आग निघाली, त्यानंच बाळ तसं झालं का? आणि त्या महिन्यात मी पॅकिंगला उभी राहायची, दिवसदिवसभर."

आता हे इंजेक्शन म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते अशा वेळी मुख्यतः आईला झटके येऊ नयेत म्हणून देतात, आणि अंगात गरम वाफ उठल्यासारखं होणं हा त्याचा नेहमीचाच त्रास. 2002 साली मॅगपाय नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, 33 देशांतल्या 10,000 हून जास्त बायका त्यात होत्या, आणि ज्यांना हे औषध दिलं त्यांच्यात झटके येण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. म्हणजे ज्याला ती चार वर्षं दोष देत होती त्याच इंजेक्शननं तिला सांभाळलं होतं. तिला म्हटलं, नीट आठव, आधी काय झालं? बीपी. मग इंजेक्शन. बाळाची वाढ तर त्याच्याही कितीतरी आधीपासून मागं पडलेली.

पॅकिंगचं पण तेच. हा आजार, ज्याला डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, तो दिसतो विसाव्या आठवड्यानंतर पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच झालेली असते, वार (गर्भाशयाला चिकटून बाळाला पोसणारी) रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या जेवढ्या रुंद व्हायला पाहिजेत तेवढ्या होत नाहीत. ठिबकची नळी चोंदली तर झाडाला पाणी कमी पडतं तसं बाळाला रक्त कमी पडतं, आणि ती वार आईच्या रक्तात असे काही पदार्थ सोडते की बीपी चढतं, किडनीवर ताण येतो. उभं राहून, चिडून, तिखट खाऊन, ग्रहण बघून हे होत नाही. हे ऐकल्यावर ती रडली, बराच वेळ, मी पण घाई केली नाही.

सासूबाईंना आत बोलावून सांगितलं, मावशी, मीठ चालू करा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्येच सांगितलंय की हा आजार टाळायला मीठ तोडायची किंवा झोपवून ठेवायची गरज नाही, त्याचा फायदा दिसलेला नाही. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियमच्या गोळ्यांचा मात्र फायदा आहे, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्याच बायका उशाला ठेवून विसरतात. सासूबाईंना पटलं असं वाटलं नाही, पण गप्प बसल्या.

आता ते 62 टक्के. आकडा खरा आहे पण अर्धा. 2017 चा अभ्यास, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या डॉ. निकोलाइड्स यांच्या टीमचा, तपासणीत जास्त धोक्याच्या निघालेल्या 1,776 बायका घेतल्या होत्या. 37 आठवड्यांच्या आत बाळंत करावं लागेल असा आजार दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 4.3 टक्क्यांना झाला आणि अॅस्पिरिनवाल्यांत 1.6 टक्क्यांना. म्हणजे हजारात 43 च्या जागी 16. फरक मोठाच आहे, पण नवरा समजला होता की शंभरातल्या 62 जणी वाचल्या, तसं नाही. आणि 37 आठवड्यांनंतर होणारा आजार मात्र या गोळीनं विशेष कमी झाला नाही, हे फॉरवर्डमध्ये कोण लिहितंय!

गर्भ पडायच्या भीतीचं म्हणाल तर त्या अभ्यासात गोळी चालू केली 11 ते 14 आठवड्यांत, 150 मिलिग्रॅम, रात्री झोपताना, 36 आठवड्यांपर्यंत, आणि दुष्परिणाम दोन्ही गटांत सारखेच होते. नेमानं घेणाऱ्यांना फायदाही जास्त. पण दमा, पोटात अल्सर, अॅलर्जी असलं काही असेल तर वेगळा विचार लागतो, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. नवऱ्याला म्हटलं, दादा, आत्ता सातवाच आठवडा आहे, थांबा जरा.

आणि मूळ प्रश्न, परत होणार का? बऱ्याच देशांतली मिळून जवळपास एक लाख बायकांची माहिती एकत्र करून बघितलेली आहे, आधीच्या गरोदरपणात बीपीचा आजार झालेल्या शंभरातल्या साधारण 14 जणींना पुढच्या वेळी प्री-एक्लॅम्प्सिया होतो. पहिल्या वेळी जितक्या लवकर झाला असेल तितका धोका जास्त, म्हणून अश्विनीला 14 हा आकडा मी तिचा म्हणून दिला नाही. शंभरातल्या कुठल्या, हे कोणालाच सांगता येत नाही. काय करता येतं ते सांगितलं, बाराव्या आठवड्याच्या आसपास तपासणी, गोळी, घरी बीपीचं मशीन, आणि डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, बरगडीखाली दुखणं, अचानक तोंडावर सूज यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता निघायचं.

गंमत म्हणजे बीपी लिहायचं काम सासूबाईंनी घेतलं. डेअरीच्या वहीत पुढच्या पानांवर दुधाचं लिटर आणि फॅट, मागनं सकाळ-संध्याकाळ बीपी, पेननं आखून. मला दाखवायला आणली तेव्हा एकही दिवस रिकामा नव्हता (असले चार्ट आमच्या दवाखान्यात पण भरलेले नसतात हो).

छत्तीस आठवडे झाल्यावर वहीत एका संध्याकाळी 146/94 आलं. पंधरा मिनिटांनी परत बघितलं, तेवढंच. रात्रीच मिरजेला आले. म्हणजे आजार परत आलाच, पण पाच-सहा आठवडे उशिरा आणि लवकर सापडला. बीपीची गोळी चालू केली, नजरेखाली ठेवलं, 37 भरल्यावर सिझर, मुलगा 2 किलो 600, आईच्या शेजारीच, पेटीबिटी काही नाही. बाळंतपणानंतर पण बीपी चढू शकतं, म्हणून आणखी काही दिवस वही चालूच ठेवायला लावली.

सहा आठवड्यांनी आले तेव्हा गोळी बंद झालेली. अश्विनीला सांगितलं की हा आजार झालेल्या बायकांना पुढं हृदयाच्या आजाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो, तेव्हा वर्षातनं एकदा बीपी आणि शुगर बघायचीच. सासूबाई मधेच म्हणाल्या, "मग माझं पण बघा की आता." बघितलं, 164/98 निघालं. त्यांचा वेगळा केसपेपर काढायला नवऱ्याला खाली पाठवलं.